वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकचा डॅशबोर्ड

प्रश्न : घरात १९५१ चा शेवरोले ३१०० पिकअप आहे. मध्यंतरी कुणीतरी कॅसेट प्लेअर बसवायला रेडिओची खाच कापून मोठी केली, पंख्या-दिव्यांच्या स्विचसाठी भोकंही पाडली. गॅरेजवाले म्हणतात, मागून जाळी लावून पुटी भरू. चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : अजिबात नको. डॅशबोर्ड सतत थरथरतो, उन्हात तापतो. पुटी भोकाच्या कडेला सुटते आणि रंगाखालून गोल चीर उमटते. भोक पत्र्यानंच बुजवावं. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा मुंबईतला शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला, मूळ पत्रा आता मिळणं अवघड. आहे तो जपा.

कामाआधी बॅटरी काढा. या मॉडेलची पेट्रोलची टाकी कॅबच्या आत, सीटमागे असते, हे वेल्डरला आवर्जून सांगा. ती पूर्ण बाहेर काढल्याशिवाय ठिणगी पडता कामा नये. तापमानाच्या काट्याची बारीक तांब्याची नळी काट्याला कायमची जोडलेली असते. ती कापली की काटा मेला. इंजिनच्या हेडमधला बल्ब (दिवा नव्हे, नळीच्या टोकाचा तापमान टिपणारा भाग) सोडवून नळी अख्खी आत ओढून घ्यायची. ऑइल प्रेशरची नळी मात्र नटानं सुटते.

डॅशबोर्ड कॅबलाच वेल्ड केलेला आहे, तो कापून काढू नका. समोरची काच आणि सीट काढली की हात पुरतो.

दोन्ही बाजूंचा रंग खरवडून व्हर्नियरनं जाडी मोजा आणि त्याच जाडीचा सीआरसी (थंड लाटलेला साधा पोलादी) पत्रा आणा. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा घेऊ नका. जस्ताचा धूर विषारी असतो आणि वेल्ड सच्छिद्र होतो. ५ मिमीपर्यंतच्या भोकामागे तांब्याची चपटी पट्टी दाबून धरा आणि समोरून वेल्डच्या एका ठिपक्यात भरा. वेल्ड तांब्याला चिकटत नाही, उष्णताही तांबं ओढून घेतं. मोठ्या भोकात बरोबर मापाची चकती बसवा, भोवती अर्धा ते एक मिमी फट ठेवा. रेडिओच्या खाचेसाठी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवरून पुठ्ठ्याचा साचा काढा. कडा आत वळवायची असेल तर ती वेल्डिंगच्या आधीच वळवून घ्या.

मिगला, म्हणजे सतत तार सोडणाऱ्या वेल्डिंग मशीनला, ०.६ मिमी तार लावा. एक ठिपका इथे, पुढचा थेट समोरच्या बाजूला. पत्र्याला हात लावता येईल इतका तो निवल्यावरच तिसरा. सलग ओढलेला वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि भोवतालचा पत्रा आत खेचतो, मग सपाट भागात खोलगट लाट येते. घाईनं ओलं फडकं लावलंत तर हे आणखी वाढतं. दर चार-पाच ठिपक्यांनंतर मागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून ठिपक्यावरच हलक्या हातोड्या मारा, म्हणजे आक्रसलेला भाग पुन्हा ताणला जातो. घासताना पत्रा निळा पडला तर थांबा, तो तापतो आणि पातळही होतो.

नंतर ८० नंबरचा कागद, इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पुटीचा जेमतेम एक मिमी थर. अॅसिड प्रायमरवर पुटी नीट धरत नाही.

प्रश्न : ग्लोव्ह बॉक्सजवळची चीर पितळी ब्रेझिंगनं (पितळ वितळवून केलेल्या जोडानं) भरून घेतली होती. तिथला रंग दोनदा फुगला. (नाशिक)

उत्तर : पितळाच्या कडेला उरलेला काचेसारखा फ्लक्स (जोडताना वापरलेलं रसायन) ओल धरतो आणि रंग उचलतो. कडक गरम पाणी आणि तारेच्या ब्रशनं तो निघतो. ब्रेझिंग अजून घट्ट असेल, तर एवढं करून इपॉक्सी मारलेलं पुरेल. चीर पुढे सरकली असेल तर मात्र पितळावर मिग चालवू नका, वेल्ड तडकतो. पितळासकट पट्टी कापून नवा पत्रा जोडा आणि आधी चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती तिथेच थांबते. जवळ जड पंखा टांगलेला असेल तर चिरेचं कारण बहुधा तोच. मागून आधारपट्टी द्या किंवा पंखा हलवा.

प्रश्न : रंग काढायला सँडब्लास्टिंग करावं का? (सातारा)

उत्तर : सपाट पत्र्यावर नको. वाळूचा जोरदार मारा पत्र्याची वरची बाजू ताणतो, पत्रा फुगतो आणि पुन्हा बसवणं फार कठीण जातं. पेंट रिमूव्हर वापरा. काचेखालच्या सांध्यात तो साचू देऊ नका, धुऊन हवेनं लगेच वाळवा. तिथे गंज दिसला तर काचेचं रबरही बदला, पाणी तिथूनच आत येतं.