अळिंबीची पावडर आणि लॅब्रेडॉरच्या पुळ्या

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या लॅब्रेडॉरच्या पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला दर दोन-तीन महिन्यांनी पुवाच्या पुळ्या उठतात. डॉक्टर सेफॅलेक्सिनच्या गोळ्या देतात, तेवढ्यापुरते बरे वाटते. सततच्या अँटिबायोटिकऐवजी अळिंबीची (मशरूमची) पावडर द्यावी, असे एका परिचितांनी सुचवले आहे. द्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गोळ्यांऐवजी देऊ नये. गंमत अशी, की ज्या गोळ्या टाळून आपण अळिंबीकडे, म्हणजे एका बुरशीकडेच, वळू पाहता, त्यांचे मूळही बुरशीतच आहे. सार्डिनिया बेटावरील काल्यारी शहराचे सांडपाणी जिथे समुद्रात सोडले जाई, तिथे १९४५ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना एक बुरशी सापडली आणि सेफॅलेक्सिन ज्या गटातले आहे ती सेफॅलोस्पोरिन औषधे पुढे तिच्यापासूनच निघाली. खुद्द अळिंबीतून १९५१ मध्ये वेगळे केलेले प्ल्यूरोम्युटिलिन जिवाणूंची प्रथिननिर्मिती रोखते. त्यापासून बनवलेले टायाम्युलिन डुकरांना आणि कोंबड्यांना दिले जाते. मात्र ही सारी शुद्ध केलेली, मात्रा ठरलेली अँटिबायोटिकेच आहेत आणि जिवाणू त्यांनाही दाद देईनासे होऊ शकतात. डब्यातल्या पावडरीत जिवाणू मारणारे द्रव्य आहे की नाही आणि असलेच तर ते त्वचेपर्यंत पुरेसे पोहोचते की नाही, हे लेबल वाचून कळत नाही.

खरा प्रश्न पुळ्या पुन्हा का उठतात, हा आहे. कुत्र्यांच्या त्वचेत पू धरवणारा स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस हा जिवाणू निरोगी कुत्र्याच्या अंगावरही असतो. ॲलर्जी, पिसवा, खरजेचे किडे किंवा थायरॉइडची कमतरता यांमुळे त्वचा दुबळी झाली, की त्याचे फावते. तेव्हा डॉक्टरांना मूळ कारण शोधण्याची आणि पुवाचा नमुना कल्चरसाठी (कोणता जिवाणू आहे आणि त्यावर कोणते औषध चालेल, हे पाहणाऱ्या तपासणीसाठी) पाठवण्याची विनंती करावी. पुळ्या वरवरच्या असतील तर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू, फेस दहा मिनिटे अंगावर ठेवून मग धुतल्यास, अनेकदा गोळ्यांवाचून काम भागवतो. आपल्याला हवा असलेला पर्याय आज बहुधा हाच आहे. (ती दहा मिनिटे लॅब्रेडॉरला एका जागी उभे करणे, हे मात्र कौशल्याचे काम.) सध्या गोळ्या चालू असल्यास मनाने मध्येच थांबवू नयेत, आणि पावडर सुरू केलीच असेल तर पुढच्या भेटीत तो डबा डॉक्टरांना दाखवावा.