अंतराळवीराचं चित्र सोप्यात कसं काढायचं?
चौथीतल्या मुलाला काढायचंय म्हणताय ना, मग हेल्मेटपासूनच सुरू करा, आधी मोठा गोल, आत आडवी काच आणि खाली अंग चांगलं जाडजूड काढा, काडीसारखे हातपाय नकोत कारण स्पेससूटमध्ये हवा भरलेली असते त्यामुळे हात पण जरा फाकलेलेच दिसतात. पाठीवरची चौकोनी बॅग विसरू नका, ऑक्सिजन त्यातच असतो. सूट पांढराच ठेवा, ऊन परतवतो तो. काच मात्र सोनेरी, तिच्यावर खरंच सोन्याचा पातळ थर असतो, उन्हापासून डोळे वाचवायला. आमच्या मालवणात भाचीने त्या काचेत निळा समुद्र आणि इवलासा सिंधुदुर्ग किल्ला काढला होता, मला तर तेच सगळ्यात आवडलं! आणि दंडावर तिरंगा हवाच, १९८४ला राकेश शर्मा जाऊन आलेत.