फेथिये ते अंताल्या सायकलने ४ दिवसांत होईल का? (अवशेष 'जमल्यास')

होईल. आम्ही केलंय. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याचा डी-४०० महामार्ग धरला की फेथिये, काल्कान, काश, देमरे, फिनिके, अंताल्या असं मिळून ३०० किमीच्या आसपास भरतं. रोज ७०-८०ची सवय आहे म्हणताय, म्हणजे पाय पुरतील. पण कुठली सायकल न्यावी हे विचारून झाल्यावर तुम्ही लिहिलंय, 'वाटेतले प्राचीन अवशेष जमल्यास पाहू.' या 'जमल्यास'वरून आमच्या घरात अजून दर दिवाळीला वाजतं, म्हणून एवढं लिहायला बसले.

माझा थोरला भाऊ पुण्याचा, ब्रेव्हेवाला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याच्या सायकल राइड पुऱ्या करणारा. एकाच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० किमीच्या राइड वेळेत पुऱ्या करून सुपर रँडोनर झालेला. ६००ला ४० तास मिळतात. हा त्याच्या आत येऊन, अंघोळ करून ऑफिसला जातो. मी नाशिकची, रविवारी गंगापूर धरणापर्यंत जाऊन मिसळ खाऊन परतणारी. एकत्र जा, ही आईची कल्पना. तुला सोबत होईल आणि तो जरा हळू चालवेल, म्हणाली. दोन्हींतलं काही झालं नाही.

पहिल्याच दिवशी क्सान्थोस गेलं. म्हणजे डाव्या हाताला मागे गेलं. महामार्गापासून अगदी जवळ, जरासा चढ, बस. या किनाऱ्यावरच्या प्राचीन लिशियन लोकांचं मोठं नगर, १९८८पासून युनेस्कोच्या यादीत. मी ब्रेक लावला तर दादा पुढूनच ओरडला, "अगं, तिथलं सगळं लंडनला नेलंय, नकला बघायला कशाला चढतेस!" यात अर्धंच खरं आहे. तिथल्या हार्पी थडग्याचे मूळ कोरीव दगड ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, जागेवर नकला आहेत. पण खांबावरची ती उंच थडगी अजून तिथेच उभी आहेत, नाट्यगृह तिथेच आहे, लिशियन आणि ग्रीक अक्षरांनी चारी बाजूंनी भरलेला स्तंभही तिथेच. लंडनचं त्याला कुणी सांगितलं होतं? मीच, आदल्या रात्री, जेवताना.

पाताराला मात्र तो आला, कारण रस्ता सपाट. तिथे लिशियन संघाचं दगडी पायऱ्यांचं सभागृह डागडुजी करून पुन्हा उभं केलंय. २३ नगरांचा संघ. मोठ्या नगराला ३ मतं, मधल्याला २, लहानाला १. दादा पायरीवर बसून केळं खात होता. मी हे वाचून दाखवलं तर म्हणाला, "बरोबरच आहे. रूट मी काढला, हॉटेलं मी ठरवली, पंप माझ्या सायकलला. माझी ३, तुझं १." पुढे प्रत्येक फाट्यावर असंच मतदान झालं. तो पंप लक्षात ठेवा.

आता 'जमल्यास' का जमत नाही ते. नकाशावर सगळे अवशेष रस्त्याला चिकटून दिसतात. पण ती माणसं ये-जा करायची गलबतांनी, त्यामुळे बरीचशी नगरं पाण्याला लागून. आणि डी-४०० बऱ्याच ठिकाणी डोंगरावरून जातो. म्हणजे अवशेष पाहायला खाली उतरायचं आणि तेवढंच परत चढायचं. हे आधी दिवसांत धरलं नसेल तर फाट्यावर उभं राहिल्यावर कुठलाही सायकलवाला 'पुढच्या वेळी' म्हणतो. काशमधून देमरेकडे निघाल्यावर समुद्रापासून सरळ वर असा काही चढ लागतो की पुण्याच्या माणसाला सिंहगड आठवावा. तो चढून, पठार ओलांडून, देमरेच्या पॉलिहाउसच्या प्लास्टिक समुद्रात उतरलात की मायराची कड्यात कोरलेली थडगी गावाच्या कडेलाच आहेत. दादा तिथे फाटकाबाहेर थांबला. "सायकली बघतो," म्हणाला.

चौथ्या दिवशी उलुपिनारला आमचं फाटलं. फिनिके, कुमलुजा मागे टाकून चढ चढलात की उजवीकडे चिरालीचा फाटा येतो. तिथून ७ किमी खाली समुद्र आणि किनाऱ्याने चालत गेलं की ओलिंपोस. दादाने घड्याळ बघितलं, सरासरी वेग बघितला आणि म्हणाला, "सात खाली म्हणजे सात वर. नाही." मी म्हटलं, संघात ओलिंपोसलासुद्धा ३ मतं होती. (खरंच होती, मोठ्या सहा नगरांत ते होतं.) तो म्हणाला, "आपल्याकडे दगड कमी आहेत का?" मी काही न बोलता हँडल वळवलं.

उतार सुंदर होता, पाइनची झाडं, वळणं. गाव दिसायला लागलं आणि मागचं चाक फतफत करायला लागलं. थांबून बॅग उघडली: ट्यूब दोन, टायर लिव्हर तीन, हातमोजे, पंप नाही. पंप वर, ३ मतांच्या सायकलला.

ट्यूब बदलली आणि सपाट चाक ढकलत गावात गेले. संत्र्याच्या बागेशी एक माणूस ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा भरत होता. मी चाकाकडे बोट दाखवून चक्क मराठीत म्हटलं, "हवा नाही." तो म्हणाला, "हावा योक." तुर्कीतही हवेला हवाच म्हणतात, त्या क्षणी मला तो सख्खा वाटला. पण त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड गाडीच्या वाल्वचं आणि माझा प्रेस्टा, म्हणजे सायकलचा बारीक वाल्व. बसेना. त्याने वाल्वचं काळं प्लास्टिकचं टोपण हातात घेतलं, उलटसुलट फिरवून बघितलं आणि संत्र्याच्या रसाने चिकट झालेल्या सुरीने त्याचं टोक नखाएवढं उडवलं. मग वाल्वची बारकी नटी सैल करून तेच टोपण उलटं फिरवून बसवलं. कॉम्प्रेसरचं तोंड त्याच्यावर घट्ट बसलं. फुस्स, आणि टायर दगडासारखा. पैसे घेईना. काचेच्या छोट्या पेल्यात चहा दिला, दोन संत्री जर्सीच्या मागच्या खिशात कोंबली, सायकल तिथेच ठेवून जा म्हणाला. सारखा 'आब्ला, आब्ला' करत होता. आब्ला म्हणजे ताई. घरात शेंडेफळ असलेल्या बाईला बेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी ताई म्हटलं.

गोट्यांच्या किनाऱ्याने पेडलला अडकणारे क्लीटचे बूट हातात घेऊन ओलिंपोसला गेले. ओढ्याच्या मुखाशी, कड्याच्या बेचक्यात दोन दगडी शवपेट्या आहेत. एक युदेमोस नावाच्या कप्तानाची. तिच्यावर एक जहाज कोरलंय. बोट फिरवलं असतं तर फळ्यांची कड लागली असती, इतकं स्पष्ट. खाली ग्रीक ओळी, ज्यांचा अर्थ साधारण असा की जहाज शेवटच्या बंदरात शिरलंय, नांगर टाकलाय, आता वाऱ्याची किंवा उजेडाची आशा नाही, इथून पुन्हा निघायचं नाही. आजूबाजूला लोक ओले टॉवेल घेऊन समुद्राकडे चालले होते. मी संत्रं सोलत तिथे पाऊण तास बसले. एवढं एक पाहायला अख्ख्या तुर्कस्तानात जावं, असं माझं मत आहे आणि ते कुणी बदलू शकणार नाही.

परतीच्या सात किलोमीटरला दोन तास लागले. कितीदा उतरून ढकलली ते सांगत नाही. एक ट्रकवाला 'कोलाय गेल्सिन' ओरडून गेला. कष्ट करणाऱ्याला तिथे असं म्हणतात, 'सोपं जावो'. दादा उलुपिनारच्या झऱ्याकाठच्या हॉटेलात बसला होता, समोर ट्राउट माशाचा काटा. मी बसल्यावर म्हणाला, "काय बघितलंस?" मी म्हटलं, जहाज. त्याने दुसरा मासा मागवला आणि चार दिवसांचा हिशोब सोडून आम्ही रात्र तिथेच काढली. म्हणजे आमचेसुद्धा शेवटी पाचच दिवस झाले; 'केलंय' म्हणाले ते तेवढं दुरुस्त करून घ्या. दुसऱ्या दिवशी फासेलिसला तो न सांगता वळला. तीन बंदरांचं गाव, पाइनच्या सावलीत फरसबंद राजरस्ता, टोकाला समुद्र. सिकंदर इ. स. पू. ३३४च्या मोहिमेत इथे आला होता. दादा तासभर पाण्यात होता.

तर निदान ८ दिवस घ्या. काश आणि चिरालीला दोन-दोन रात्री. चिरालीच्या वर यानारताशला डोंगरातून वायू झिरपून खडकांवर कायम ज्वाळा असतात, त्या अंधारातच पाहायच्या. फेथियेहून अंताल्याकडेच जा. वाहतूक उजवीकडून, त्यामुळे समुद्र तुमच्या बाजूला राहतो, आणि देमरे ते फिनिके हा कड्याखालचा वळणांचा पट्टा तसाच चालवण्यासारखा आहे. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याला मी अडवणार नाही, पण सहानुभूतीही दाखवणार नाही. अंताल्याच्या अलीकडे बोगदे आहेत, मागचा लाल दिवा दिवसाही हवा.

दादावर थोडा अन्याय होतोय, तेही लिहिते. काशच्या चढापासून त्याचा गुडघा दुखत होता आणि हे त्याने जानेवारीत, डॉक्टरकडून आल्यावर सांगितलं. सात किलोमीटरच्या 'नाही'त तो गुडघा किती आणि सरासरी किती, हे त्यालाही सांगता येत नाही. आणि 'आपल्याकडे दगड कमी आहेत का' म्हणाला तेव्हा मी चिडले खरी, पण नाशिकमध्ये राहून पांडवलेणी चढून मला नऊ वर्षं झाली होती.

सायकलीचं राहिलंच. रोड बाइक चालेल, पण टायर २८ किंवा ३२ मिमी रुंदीचे. खडी उघडी पडलेले पट्टे आहेत, २३ वर हात बधिर होतात. मागे ३४ दातांचा गिअर असू द्या, आणि दोघं असाल तर पंप दोन.

दादाने आता ऑक्टोबरची तिकिटं बघायला घेतलीयत, यंदा क्सान्थोसपासून सुरुवात म्हणतोय. त्याचे ६ दिवस, माझे ९. अजून ठरलेलं नाही.