अल्सरेटिव्ह कोलायटिसवर 'औषध बनवणारे जिवाणू': सध्या कुठवर आलंय?

भावाच्या अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) 'आतड्यात औषध तयार करणारे जिवाणू' भारतात मिळतात का, असं तुम्ही विचारलंय. नाही. सूज कमी करणारं प्रथिन पोटात सोडणारा असा जिवाणू अजून कुठल्याच देशात औषध म्हणून विकला जात नाही. पण ही थाप नव्हे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सूज आवरणारं इंटरल्युकिन-१० हे प्रथिन गिळलं तर पचून जातं. इंजेक्शनने दिलं तर सगळ्या अंगात फिरतं, आतड्यापर्यंत थोडंच पोचतं आणि डोस वाढवला की त्रास होतो. म्हणून बेल्जियममधल्या गेंटच्या स्टाइडलर यांच्या गटाने चीज-ताकातल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसलाच ते बनवायला लावलं. २००० साली त्यांनी दाखवलं की हा जिवाणू पाजलेल्या उंदरांची आतड्याची सूज निम्म्यावर आली.

मला त्यांची पुढची युक्ती जास्त आवडते. असा जिवाणू शौचावाटे बाहेर पडून पसरला तर? त्यांनी त्याचं थायमिडिन बनवण्यासाठी लागणारं जनुक काढलं आणि नेमक्या त्याच जागी माणसाचं इंटरल्युकिनचं जनुक बसवलं. थायमिडिन नाही तर डीएनए नाही, त्यामुळे बाहेर तो मरतो. समजा हरवलेलं जनुक दुसऱ्या जिवाणूकडून मिळून जुन्या जागी बसलंच, तर इंटरल्युकिनचं जनुक तिथून हटतं. दोन्हीकडून नाकाबंदी!

२००६ मध्ये अॅमस्टरडॅमला क्रोन्स या आतड्याला सूज येणाऱ्या दुसऱ्या आजाराच्या १० रुग्णांवर चाचणी झाली. सुरक्षित ठरली, बऱ्याच जणांना बरंही वाटलं, पण तुलनेला प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच मात्रा) घेणारा गट नव्हता. पुढे कोलायटिसच्या रुग्णांवर प्लासिबोसह चाचणी घेतली, तेव्हा ठोस फरक दिसला नाही. माझ्या मते अडचण मात्रेची आहे: हा जिवाणू आतड्यात मुक्कामाला राहत नाही, आणि सुजलेल्या जागी प्रथिन किती पोचलं हे आपल्या हातात नसतं.

आता भर ई. कोलाय निस्लवर आहे. पहिल्या महायुद्धात जुलाबाच्या साथीतही ठणठणीत राहिलेल्या एका जर्मन सैनिकाकडून १९१७ साली मिळालेला हा जिवाणू. २०२३ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी त्याच्याकडून टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणाऱ्या नॅनोबॉडी (अँटिबॉडीचे छोटे तुकडे) सोडवून घेतल्या. इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब ही कोलायटिसवरची औषधं अडवतात तोच हा टीएनएफ. पण हेही उंदरांतच.

तेव्हा मेसालामीन (आतड्याची सूज आवरणारं नेहमीचं औषध) चालू असेल तर ते बंद करून ताक किंवा प्रोबायोटिकच्या पुड्यांवर राहू नका. त्यात यातलं कुठलंही जनुक नसतं. स्टेरॉइड किंवा अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) चालू असेल तर प्रोबायोटिकसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. भावाला सध्या कोणती औषधं आहेत आणि शेवटचा कॅलप्रोटेक्टिन (शौचाच्या तपासणीत आतड्याची सूज दाखवणारा आकडा) किती आला, ते लिहाल का?