स्कॉटलंडमधले किल्ले आणि रणांगणं गाडीने बघायची आहेत, हातात आठ दिवस आहेत, मार्ग कसा आखावा?

आम्ही मे महिन्यात जाऊन आलो, मी, बायको आणि लीड्सला राहणारा माझा मावसभाऊ, त्यामुळे सगळं ताजं आहे. आधी आमची चूक सांगतो, यादीत १४ किल्ले कोंबले होते. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली आता अजून एक तोफ दाखवलीस तर मी गाडीतून उतरणार नाही. मग निम्मी यादी उडवली, तो वेळ रणांगणांना दिला आणि ट्रिप तिथून सुधारली. किल्ल्यांचं काय, आपल्यासारखं दोन तास घाम गाळून चढायचं नसतं, गाडी पार वरपर्यंत जाते आणि बाहेर पडायची वाट दुकानातून असते 😄

एडिंबरात गाडी घेऊच नका, किल्ला पायी बघा आणि शहर सोडताना गाडी घ्या. पहिला मुक्काम स्टर्लिंग. तटावर उभं राहिलं की सगळा डाव समोर मांडल्यासारखा दिसतो, खाली फोर्थ नदीची वळणं, तिथेच १२९७ ला वॉलेस आणि अँड्र्यू मरे या स्कॉट सरदारांनी इंग्रजांचं थोडं सैन्य अरुंद लाकडी पुलावरून येऊ दिलं आणि मग झोडपलं, आत्ताचा दगडी पूल नंतरचा आहे. दोन-तीन मैलांवर बॅनकबर्न, १३१४. स्टर्लिंगचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता, त्याला स्कॉटांचा वेढा पडला म्हणून इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड सोडवायला आला आणि स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसकडून मार खाऊन पळाला. म्हणजे किल्ला आणि मैदान एकाच दिवशी बघा, तरच डोक्यात बसतं.

मग ए-९ महामार्गाने उत्तरेला. वाटेत किलीक्रँकीची खिंड, १६८९ ची लढाई, जॅकोबाइट (म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याचे पाठीराखे) सरकारी सैन्याशी जिंकले पण त्यांचा सेनापती डंडी तिथेच पडला, गड आला पण सिंह गेला. तासभर पुरे. ए-९ वर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, उगाच गाडी दाबू नका.

खरा वेळ द्यायचा तो कलोडनला, इनव्हर्नेसजवळ. १६ एप्रिल १७४६, तासाभरात जॅकोबाइटांचा खेळ खलास. आदल्या रात्री ते सरकारी छावणीवर छापा घालायला निघाले होते, अंधारात वेळेत पोचलेच नाहीत, उपाशी, न झोपलेले परत आले आणि तसेच लढाईला उभे राहिले. मैदानात त्यांच्या रांगेच्या जागी निळे झेंडे आणि सरकारी सैन्याच्या जागी लाल. निळ्यापासून लालपर्यंत सरळ चालत जा म्हणून सांगतो. माझा बूट दोनदा चिखलात रुतला, हातात ना तलवार ना ढाल, समोरून तोफाही नाहीत, तरी धाप लागली. मध्ये कुळांच्या नावाचे ओबडधोबड दगड आहेत, ते १८८१ चे. एका दगडावर फक्त 'मिक्स्ड क्लॅन्स' लिहिलंय, म्हणजे कोण कुठला ते कळलंच नाही असे सगळे. त्याच्यापुढे कोणीतरी जांभळ्या हेदरची (तिथल्या माळावरचं रानफूल) छोटी जुडी ठेवलेली, दोऱ्याने बांधून. बायको तिथे बराच वेळ उभी होती, आणि ती इतिहासाची अजिबात नाही.

तिथून वीसेक मिनिटांवर फोर्ट जॉर्ज. कलोडननंतर परत बंड होऊ नये म्हणून बांधायला घेतला, १७६९ ला पुरा झाला, तोवर बंड करणारं कोणी उरलंच नव्हतं, कधी हल्लाच झाला नाही. आत हायलँडर पलटणींचं म्युझियम आहे ते सोडू नका. त्यातल्या ७८ व्या पलटणीला असईच्या लढाईबद्दल हत्तीचं चिन्ह मिळालं, असई म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं, १८०३, शिंदे-भोसले हरले ती. इनव्हर्नेसपासून इतक्या जवळ आपला पराभव भेटेल असं वाटलं नव्हतं.

परतीला लॉख नेस तळ्याकाठचा अर्कर्ट किल्ला, मग आयलन डोनन किल्ला, हा फोटोत सगळ्यात जुना वाटतो पण १७१९ ला उडवला होता, आत्ताचा १९१२ ते १९३२ मध्ये परत बांधलेला. फोटो काढा आणि निघा. शेवटी ग्लेनको, १६९२ ला पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनी, त्यांचा कप्तान कॅम्पबेल कुळातला, यजमान मॅकडोनल्ड कुळातल्या लोकांनाच पहाटे मारलं, तिथल्या एका जुन्या इनमध्ये अजून 'कॅम्पबेलांना प्रवेश नाही' अशी पाटी आहे.

गाडीचं म्हणाल तर आपलं भारतातलं लायसन्स एक वर्ष चालतं, ड्रायव्हिंग डावीकडूनच, पण पाट्या मैलात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच बुक करा. आतले रस्ते एकाच गाडीपुरते रुंद असतात पण वाहतूक दोन्ही बाजूंनी, मध्ये मध्ये बाजूला घ्यायला पासिंग प्लेस, कोणीतरी थांबायचं. समोरून कॅराव्हॅन आली तेव्हा मी रिव्हर्स घेताना आरसा दगडी भिंतीला घासला, परत देताना चांगले पैसे गेले, तेव्हा फुल इन्शुरन्स घ्या, तिथे कंजुषी नको.