सेस्ना १७२ सारख्या छोट्या विमानाने जेटच्या मागून उतरताना वेक टर्ब्युलन्स कसा टाळायचा?

टॉवरने, म्हणजे विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने, ‘कॉशन, वेक टर्ब्युलन्स’ (पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या भोवऱ्यांपासून सावध) म्हटल्यावर नेमकं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. पुढे ए३२० हे एअरबसचं प्रवासी जेट उतरतंय असं धरून सांगतो.

जेटच्या पंखांच्या टोकांपासून दोन भोवरे सुटतात. टेकऑफला नाक उचललं की ते सुरू होतात, उतरताना पुढचं चाक टेकलं की थांबतात. विमान जड आणि वेग कमी असेल तर सर्वांत जोरदार. हे भोवरे मिनिटाला ३०० ते ५०० फूट खाली जातात, म्हणून फायनलवर (धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) कायम जेटच्या वाटेच्या वर राहा. पापीचे (धावपट्टीशेजारच्या, उतरण्याची उंची दाखवणाऱ्या चार दिव्यांपैकी) तीन दिवे पांढरे आणि एक लाल दिसला तरी चालेल. जेटच्या टायरमधून धूर कुठे उडाला ती जागा हेरा आणि तिच्या बरंच पुढे टेका. लांब धावपट्टीवर हे सहज जमतं, कारण १७२ ला टेकल्यावर थांबायला २०० मीटरच्या आसपास लागतात. धावपट्टी आखूड असेल तर हा नाद सोडा आणि डाऊनविंड (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर, उलट दिशेने उडायचा टप्पा) लांबवायची परवानगी मागा.

आता वारा. इथेच बरेच जण फसतात. जमिनीजवळ आल्यावर भोवरे दोन्ही बाजूंना २-३ नॉट वेगाने सरकतात. तेवढाच आडवा वारा असेल तर वाऱ्याकडचा भोवरा सरकतच नाही, धावपट्टीवरच ठाण मांडून बसतो. त्यात वारा थोडा मागून असेल, तर तोच भोवरा पुढे ढकलला जाऊन तुम्ही टेकणार त्या जागी येतो. विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) जेमतेम हलतोय अशा दिवशी जास्त वेळ थांबा. जोराच्या वाऱ्यात भोवरे लवकर विरतात.

टेकऑफला जेटने नाक उचललं त्याच्या आधीच तुम्ही हवेत हवं. १७२ ला ते अवघड नाही. पण जेट तुमच्यापेक्षा उभं चढतं, त्यामुळे थोड्याच वेळात तुम्ही त्याच्या वाटेखाली येता. म्हणून परवानगी घेऊन वारा जिकडून येतोय त्या बाजूला वळा.

आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत ७,००० किलोपर्यंतचं विमान लाइट, ए३२० मीडियम. या जोडीला उतरताना ३ मिनिटं किंवा रडारवर ५ नॉटिकल मैल, टेकऑफला २ मिनिटं आणि धावपट्टीच्या मधून निघणार असाल तर ३ मिनिटं अंतर ठेवतात. मात्र ‘ट्रॅफिक इन साइट’ म्हणून तुम्ही जेटच्या मागे जायचं कबूल केलंत की अंतराची जबाबदारी तुमची. मन साशंक असेल तर सरळ थांबायची मुभा मागा, टॉवर नाही म्हणत नाही.

तरीही सापडलात आणि विमान एका अंगावर कलंडू लागलं, तर योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढू नका. पूर्ण पॉवर द्या, योक थोडं पुढे सोडा, मग एलेरॉनने (पंखांवरच्या, विमान कलतं करणाऱ्या झडपांनी) क्षितिजाच्या जवळच्या बाजूने पंख सरळ करा. फायनलवर झालं असेल तर सावरल्यावर उतरायचा हट्ट न धरता गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढा.