अडलेला स्लॅब, तीन ब्रास वाळू आणि चार लाखांचे कर्ज

चोपडा तालुक्यातील एका शिक्षक वाचकांनी लिहिले आहे: “स्वतःच्या प्लॉटवर 1,050 चौरस फुटांचे घर बांधतो आहे. कॉलम उभे झाले, पण पावसामुळे आणि वाळू मिळत नसल्याने दोन महिन्यांपासून स्लॅब अडला आहे. गृहकर्जाचे 9 लाख उचलले आहेत, पुढचे 5 लाख स्लॅब टाकल्यावर मिळतील. भाव वाढतील म्हणून आसारी (लोखंडी सळया) आणि सिमेंट आत्ताच भरून ठेवण्यासाठी ठेकेदार 4 लाख मागत आहेत. उशिरामुळे गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत जाईल, अशीही भीती वाटते. वैयक्तिक कर्ज घ्यावे, की मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेली 5 लाखांची मुदत ठेव मोडावी?”

माझ्या मते दोन्ही करू नये. उशिराचा त्रास मोठा असतो हे मान्य, परंतु त्याची किंमत आधी कागदावर मांडून पाहावी. उचललेल्या 9 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला 6,375 रुपये व्याज आणि आपले घरभाडे 7,000 रुपये, म्हणजे एक महिना काम थांबले तर 13,375 रुपये जातात. याउलट 4 लाखांचे वैयक्तिक कर्ज 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतल्यास दरमहा सुमारे 13,480 रुपयांचा हप्ता आणि एकूण 85 हजारांच्या आसपास व्याज भरावे लागेल. सहा महिन्यांच्या उशिरालाही इतका खर्च येत नाही.

शिवाय पैसे दिले म्हणून स्लॅब टाकता येणार आहे का, हा खरा प्रश्न आहे. आपले काम पैशांसाठी नव्हे, वाळूसाठी अडले आहे. 10 जून ते 30 सप्टेंबर नदीतून वाळू काढण्यास बंदी असते आणि त्यानंतरही लिलाव व परवानग्यांत दिवस जातात. तोवर भरलेली आसारी पावसात गंजेल. आणि तीन महिने साठवलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते. भाव वाढतीलच असेही नाही: 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा आदल्या महिन्यात गोण्या भरून ठेवणाऱ्यांची हौस महागात पडली.

आपण पाठवलेले कोटेशन मी दोनदा वाचले. या स्लॅबला आणि बीमना 2.4 टन आसारी आणि 140 गोण्या सिमेंट धरले आहे. त्यातील दराने, म्हणजे 58,000 रुपये टन आणि 360 रुपये गोणी, हा माल 1,89,600 रुपयांचा होतो. मग 4 लाख कशाचे? उरलेली रक्कम वरच्या मजल्याच्या मालाची आहे आणि तो मजला तर आपल्या मंजूर नकाशातही नाही. ठेकेदारांच्या हेतूवर मी शंका घेत नाही, परंतु भाव 10 टक्क्यांनी वाढले तरी आपल्याला 19 हजारांचाच फरक पडेल, हे त्यांना सांगावे.

आता वाळूकडे येतो, कारण पैसा वाचवण्याची जागा तिथे आहे. आपल्या स्लॅबला सारी मिळून तीन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) आसपास वाळू लागेल. क्रशरवरची कृत्रिम वाळू आपल्या इंजिनिअरना मान्य असेल, तर तिच्यासाठी ब्रासमागे 3,000 रुपये जास्त मोजले तरी 9,000 रुपयेच होतात, म्हणजे एका महिन्याच्या उशिरापेक्षा कमी. मग नदी खुली होण्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही, फक्त चार-पाच दिवसांची उघडीप हवी. पावसाळी हवा स्लॅबला वैरी नसते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात टाकलेल्या स्लॅबला दिवसभर पाणी मारूनही धास्ती वाटते. (माझ्या लहानपणी आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, ते गळू नये म्हणून मृगाच्या आधी खारी माती पडलीच पाहिजे, असा घरात दंडक होता; तेव्हाही पावसाचे गणित पैशांच्या आधी बसवावे लागे.)

मालासाठीचे 1.9 लाख मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून लागेल तेवढी उचल) घेऊन उभे करावेत. 2 लाख 8 टक्क्यांनी चार महिने वापरल्यास व्याज सुमारे 5,300 रुपये होईल आणि ठेव मोडावी लागणार नाही. पैसे ठेकेदारांकडे न देता दुकानदाराला पक्क्या बिलावर द्यावेत. माल आसारी बांधण्याच्या आठवड्यातच उतरवावा. सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याच्या, प्लेटांचे भाडे दिवसावर चढते, म्हणून वाळूचा ट्रक प्लॉटवर रिकामा होईपर्यंत प्लेटा बांधू देऊ नयेत. कॉलमच्या उघड्या सळया गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचे पाणी मात्र आजच लावून घ्यावे, त्याला शंभर-दोनशे रुपयांपलीकडे खर्च नाही.

करसवलत जाईल ही आपली भीती निराधार आहे. जुन्या करप्रणालीत 2 लाखांपर्यंतची व्याजाची वजावट टिकवण्यासाठी, कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झाले म्हणजे पुरते. आणि नवी प्रणाली निवडली असेल, तर स्वतः राहत्या घरावर ती वजावट मिळतच नाही.

मुलीचा प्रवेश येत्या जूनमध्ये आहे. त्यामुळे स्लॅबनंतरचे 5 लाख खात्यावर जमा होताच आधी ओव्हरड्राफ्ट फेडून ठेव मोकळी करावी, विटांच्या कामाचा हप्ता ठेकेदारांना त्यानंतर द्यावा.